शेवटच्या रांगेतली नळी

९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आधी वहिनीला, मग तुला. घरात मान कुणाचा जास्त ते मला ठाऊक आहे. इकडे सगळे ठीक. लेकीचे पेपर संपले, सोपे गेले म्हणते, म्हणजे काय ते निकालाच्या दिवशी कळेलच. यांचा गुडघा पुष्कळ बरा आहे, तक्रार मात्र तेवढीच आहे.

चौदा महिन्यांनी माझं पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला मी अडखळले असते, तू 'बरं बरं, जेवलीस का' म्हणाला असतास आणि फोन वहिनीच्या हातात दिला असतास. मला सलग बोलायचंय, आणि तू मध्ये 'बरं बरं' म्हणायचं नाहीस.

तुझ्या वळूबद्दल, ठोंब्याबद्दल बोलायचंय. आता कळलं ना, चौदा महिने का लागले ते?

अठरा वर्षं मी वीर्यकेंद्रात काम करते, पण काय करते ते तुला कधी धड सांगितलं नाही. वळूचं वीर्य काढलं की नळी आमच्या खोलीत येते. ती गरम पाण्याच्या पेटीत उभी करायची, सदतीस अंशांवर. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं, शंभरातले किती शुक्रजंतू सरळ पुढे पळतायत. सत्तरच्या खाली गेले की तो नमुना नापास. तीन नमुने नापास झाले की वळूच नापास. यात उबेचा खेळ फार मोठा. ऊब कमी पडली की ते बिचारे आखडतात, जागच्या जागी वळवळतात. मेलेले नसतात, पण बघणाऱ्याला जवळपास तसेच दिसतात. ऊब जास्त झाली तर आधी उधळतात आणि मग दमून बसतात. म्हणजे आम्ही जे मोजतो ते अर्धं वळूचं आणि अर्धं आमच्या पेटीचं. हे मला पाठ आहे. नव्या मुलींना मीच शिकवते, तेही बोट नाचवून.

तर गेल्या आठवड्यात यंत्रं तपासायला माणूस आला. दरवर्षी एक काका यायचे. पेटीवरचा आकडा बघायचे, शिक्का मारायचे, चहा प्यायचे. यंदा ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. किडकिडीत, पण नजर घारीची. त्यांनी चहा नको म्हटलं, स्वतःचा थर्मामीटर काढला आणि नळ्यांच्या स्टँडच्या एकेका भोकात सोडला. पहिल्या रांगेत सदतीस. मधल्या रांगेत छत्तीस. शेवटच्या रांगेत थर्मामीटर पाण्याला टेकेचना!

त्या टेबलाचा खिडकीकडचा पाय आखूड आहे. खाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा कधीतरी झाडताना निघून गेला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. टेबल उचलायचं तर जड, म्हणून पेटीच्या खिडकीकडच्या, म्हणजे मागच्या पायाखाली कुणीतरी लाकडाची पट्टी सारलेली, तीही जास्तच जाड. त्यामुळे सगळं पाणी पुढे, मागची बाजू उंच. नवा स्टँड उंच, म्हणून झाकण बसत नाही. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत बोटभर उतरतं. आणि शेवटच्या रांगेतल्या नळ्या हिवाळ्याच्या हवेत नुसत्या लोंबत राहतात. तिथे तेवीस अंश होते, दादा. पेटीवर मात्र ठळक सदतीस, कारण ती आपल्या तळाचं माप सांगते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं निघालं.

आणि त्या रांगेत कोण असायचं? तुझा ठोंब्या. कुणी ठेवला? मी. भावाचा वळू म्हणून कुणी बोट दाखवायला नको, यासाठी मी नियमच करून टाकला होता: आधी सगळ्यांचे नमुने, भावाचा सगळ्यात शेवटी. तास-दीड तास त्याची नळी खिडकीपाशी थांबायची. चाळीस, पस्तीस, चाळीस. तीन नापास, आणि तू गाडी घेऊन त्याला न्यायला आलास. नापास वळूच्या आईची पुढची वासरंही केंद्र घेत नाही, म्हणजे त्याच्या आईचं, आपल्या थोरलीचं, नाव यादीतून गेलं. तुझी वीस वर्षांची निवड मी तीन ओळींत खोडली.

हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि परवा त्याच्यावर कडी झाली. तुमच्याकडचे गुरांचे डॉक्टर वीर्यमात्रा न्यायला आले होते. मी सहज म्हटलं, आमची पेटी बिघडली होती असं दिसतंय. ते हसले. म्हणाले, "तुमच्या भावाला तेव्हाच माहीत होतं. मीच दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं. अठ्ठ्याहत्तर. म्हटलं, फेरतपासणीचा अर्ज करा. तर कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, 'डॉक्टर, वळू काय, गोठ्यात उभा राहून खाईल. तिची नोकरी गेली तर ती काय खाईल?'"

चौदा महिने तो कागद तुझ्याकडे होता. मी तुझे फोन उचलले नाहीत, भाचीच्या बारशाला आले नाही, तुझा निरोप आला की यांना पुढे करत होते. आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस. मला वाटायचं, तू चिडला आहेस, म्हणून मी लांब. खरं तर लांब मीच होते, तू होतास तिथेच होतास.

तुझे उपकार मोजायला मी बसत नाही, पण एक नेहमी आठवतं. शाळेतला मायक्रोस्कोप मास्तर कुणाला हात लावू देत नसत. त्यांची म्हैस अडली, तू रात्रभर खपून रेडकू सोडवलंस, आणि मास्तर 'काय देऊ' म्हणाले तर तू म्हणालास, "माझ्या बहिणीला तासभर त्या नळकांड्यातून बघू द्या." मी डबक्यातल्या पाण्याचा थेंब बघितला होता. तेव्हापासून मी त्या नळकांड्याला डोळा लावून बसले आहे. माझं पोट त्यावर चालतं, दादा. तुझ्यामुळे.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, ठोंब्याची फेरतपासणी करायची ठरवली आहे. केंद्राची गाडी त्याला न्यायला येईल. टेबलाखाली आता नीट पाचर ठोकली आहे. झाल्या प्रकाराबद्दल मला माफ कर.

वहिनीला नमस्कार, भाचीला पापा.

तुझी,
बारकी


१७ फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं, मग मी परत वाचलं.

टेबलावर माझा राग नाही. तुझ्यावर तर नव्हताच. माफी कसली मागतेस? दिली म्हण, आणि विषय संपव.

डॉक्टरला मी सांगितलं होतं, तोंड उघडू नका. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या वेळी त्याला दूध पाजतो की नाही बघ.

ठोंब्या उत्तम आहे. फाटकाची एक फळी शिंगाने काढली, आता दुसरीच्या मागे आहे. गाडी येणार म्हणून परवा त्याला धुतला तर मलाच भिंतीशी दाबला. केंद्रात कुणी ओरडू नका म्हणावं. ओरडलं की बसतो, मग उठत नाही.

थोरली आता दूध देत नाही. वय झालं. तरी सकाळी पहिला पेंढा तिलाच.

तू हे सगळं वर कळवलंस ते बरं केलंस की नाही, मला समजत नाही. नोकरीला धक्का लागेल असं काही बोलू नकोस. पेटी बिघडली होती, बास. एवढंच सांग.

एक विचारतो, राग मानू नकोस. मी ठोंब्याला न्यायला आलो त्या दिवशी तू खिडकीत होतीस. मी गाडी वळवली तेव्हा तू काच ठोठावलीस. दोनदा. मी थांबलो, तर तू आत गेलीस. हिला काहीतरी सांगायचंय असं वाटलं. मग म्हटलं, नसेल. सांगायचं होतं का काही?

नसलं तर राहू दे. पोरगी बसायला लागली आहे. जेवत जा.

दादा


४ मार्च

दादा,

सांगायचं होतं.

तुझं पत्र आल्यापासून दोन आठवडे मी ते पाकीट पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आधी तुला हवी ती बातमी देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ठोंब्या पास झाला. तिन्ही वेळा. पंचाहत्तर, ऐंशी, पंचाहत्तर. थोरलीचं नाव यादीत परत लागलं. वहिनीला सांग आणि मग पुढचं वाच. एकट्याने वाच.

तपासणी मी केली नाही, मला करू देणं बरोबरही नव्हतं. पंडितने केली. पंडित म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. प्रत्येक गोष्टीवर प्रवचन देतो म्हणून हे नाव. मी बाहेर बाकावर बसले होते, लेकीच्या निकालाला बसले नसते इतकी ताठ. त्याने दार उघडून आधी सात बोटं दाखवली, मग पाच. मी तिथेच रडले. शिपाईकाकांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं वळू मेला.

तिसऱ्या नमुन्याला मोठ्या बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, अहवालात पेटीचा दोष लिहायचा तर तो करून दाखवा. म्हणून पंडितने ठोंब्याच्याच वीर्याची दुसरी नळी खिडकीत तासभर उभी केली. मला आत बोलावलं. थेंब काचपट्टीवर घेतला, बघितलं: चाळीस. अगदी माझ्या रजिस्टरात होते तेवढेच. मग तीच काचपट्टी त्याने तापत्या पाटावर ठेवली. आमच्याकडे काचपट्ट्या गरम ठेवायला एक लहान पाट असतो, विजेवरचा. दहा मिनिटांनी परत बघितलं. सत्तर. आखडलेले सगळे पळत सुटले होते.

पंडित म्हणाला, "हे बघा, किती सोपं होतं! तेव्हा कुणी एकदा एवढं करून बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

मोठ्या बाईंनी अहवाल टाइप करून आणलेला होता. 'उपकरणातील दोषामुळे' असं त्यात होतं. मला फक्त मान हलवायची होती. तू लिहिलं होतंस तसं, पेटी बिघडली होती, बास. माझ्या मनात तुझं वाक्य होतं आणि तोंडात माझं आलं. मी म्हटलं, "मी बघितलं होतं."

दोघांनाही कळेना. म्हणून परत म्हटलं.

आता तुला सांगते. तिसऱ्या तपासणीच्या सकाळी पंडित गमतीत म्हणाला होता, "आज शेवटची संधी, आता बहिणीची माया दिसणार!" सगळे हसले, मीही हसले. पण मला ते लागलं. ठोंब्याचा थेंब बघितला, चाळीस दिसले, लिहिले. तेवढ्यात लेकीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप होता. मी बोलायला बाहेर गेले आणि जाताना ती काचपट्टी तापत्या पाटावर ठेवली, सवयीने. परत आले, काचपट्टी उचलून टाकणार होते. का कोण जाणे, एकदा डोळा लावला.

पळत होते, दादा. सगळे पळत होते.

आधी वाटलं, दुसऱ्या वळूची काचपट्टी असेल. नंबर बघितला. ठोंब्याचाच. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलंही. अठरा वर्षं हेच काम करणारीला न कळायला काय झालं? नुसता हात वर करायचा होता, "थांबा, हा नमुना गार पडला होता, परत घेऊ या." दुसऱ्या कुणाचाही वळू असता तर मी हेच केलं असतं. एकदा नाही, दहा वेळा केलं आहे. पण तो तुझा होता. माझ्या डोळ्यांसमोर पंडितचं हसू आलं. म्हटलं, मी आता आकडा बदलला तर म्हणतील, बघा, आलीच माया. मी काचपट्टी धुण्याच्या भांड्यात टाकली. चाळीस तसाच ठेवला. खाली सही केली.

म्हणजे टेबल वाकडं होतं हे खरं, पण टेबलाने सही नव्हती केली.

आणि याहून वाईट पुढे आहे. त्या दिवसानंतर केंद्रात माझं नाव झालं. "बाई खमक्या आहेत, सख्ख्या भावालाही सोडलं नाही." मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं. गोडही लागलं. त्या वाहवेवर मी वर्ष काढलं, आणि तू तिकडे खिशात घडी घातलेला कागद घेऊन, माझी नोकरी जाऊ नये म्हणून, लोकांचं बोलणं ऐकत होतास. तुझा वळू नापास म्हणून तुझ्या गायींना हसणाऱ्यांना तू काय उत्तर दिलंस रे? काहीच नाही, मला माहीत आहे.

गाडी वळली तेव्हा काच ठोठावली ती म्हणूनच. दोनदा ठोठावली, तेवढाच धीर होता. तू ब्रेक लावलास आणि मी आत पळाले.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पंडितला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "हे तू का सांगितलंस? कुणाला कधी कळलं नसतं." मी म्हटलं, "एकाला कळत आलंय. आणि तो विचारतो आहे." त्यांनी नवा अहवाल लिहायला घेतला. वर्षभर माझा सहीचा अधिकार काढला आहे. तपासणीही नाही, काचसामान धुणं, नळ्यांवर नंबर घालणं, पेटीत पाणी भरणं. नोकरी आहे, तेव्हा तू घाबरू नकोस. मी जेवते आहे. पंडित दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ती गंमत मी करायला नको होती." मी म्हटलं, गंमत तुझी होती, सही माझी. आता तो धुतलेल्या नळ्या पुसायला येतो आणि प्रवचन देतो. ऐकते बापडी.

मला बरं वाटतंय, हे सांगायला लाज वाटते, पण वाटतंय. पाणी भरताना दर तासाला शेवटच्या रांगेत बोट घालून बघते. नव्या मुलींना आता बोट नाचवून शिकवत नाही.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, माफी दिली म्हण आणि विषय संपव. ती माफी तू टेबलासाठी दिली होतीस. मी टेबलाच्या आड उभी राहून ती घेतली. ती मला ठेवता येत नाही, म्हणून परत करते. आता जे लिहिलंय त्यावर नव्याने ठरव. लगेच 'बरं बरं' म्हणू नकोस. चार दिवस राग येऊ दे, नीट येऊ दे, मला तो हवाय. माझ्या वाटणीचा राग तू आजवर कधी केलाच नाहीस, आणि त्यावाचून मला तुझ्या दारात ताठ उभं राहता येणार नाही.

पण तू काहीही ठरवलंस तरी एक लिहूनच ठेवते. मला वाचवायचं म्हणून तू चौदा महिने गप्प बसलास, आणि मग एका ओळीत विचारलंस, सांगायचं होतं का काही. त्या गप्प बसण्याने माझी नोकरी राहिली. पण त्या एका ओळीने मी राहिले. दोन्हींसाठी तुझी ऋणी आहे, आणि दुसऱ्यासाठी जास्त.

केंद्रात वर्षभर कुठल्याच कागदाखाली माझी सही चालणार नाही. या कागदाखाली चालेल का, ते तू सांग. मी करते आहे.

तुझी बहीण,
बारकी